बघायला वेळ नाही, मनवायला आहे

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या कोचांची बाराही महिने एकच तक्रार असते: भरतीला वेळ पुरत नाही. तक्रार अर्धीच खरी आहे. वेळ पुरत नाही तो मुलं बघायला. जी मुलं सगळ्या देशाने आधीच बघून ठेवली आहेत, त्यांची मनधरणी करायला या मंडळींना मध्यरात्रीसुद्धा वेळ सापडतो.

मध्यरात्र हा शब्द अक्षरशः घ्या. जानेवारी २०१६ मध्ये मिशिगनचे कोच जिम हार्बॉ एका किकर मुलाच्या घरी रात्री बारा वाजून गेल्यावर लगेच पोचले आणि मुक्कामालाच राहिले. घरी जाऊन भेटण्यावरची बंदी त्या रात्री बाराला उठत होती. वर्तमानपत्रांनी चिकाटीचे गोडवे गायले. मला त्यात उधळपट्टी दिसते. मुलगा आधीच नावाजलेला, दुसऱ्या मोठ्या विद्यापीठाला होकार देऊन बसलेला. त्याला आपल्याकडे वळवायला देशातल्या सर्वांत महागड्या कोचांपैकी एकाची अख्खी रात्र खर्ची पडली. त्याच हार्बॉंनी त्याच वर्षी एक फार चांगलं कामही केलं. त्याकडे येतोच.

आधी वेळेचा हिशेब. हा फुटबॉल लांबट चेंडूचा, शिरस्त्राणं घालून खेळायचा. टेक्सासच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी घरांना त्यातली शुक्रवारची रात्र समजावून सांगायची गरज नाही. शाळेचं मैदान, दिव्यांचा झगमगाट, बँड, अख्खं गाव गॅलरीत. देशभरात दहा लाखांहून अधिक मुलं शाळेकडून हा खेळ खेळतात. सर्वांत वरच्या पायरीवरची विद्यापीठं साधारण १३५. प्रत्येक जण वर्षाला शाळेतून वीस-पंचवीस मुलं घेणार. म्हणजे तीन हजारांच्या आसपास जागा आणि दहा लाखांचं मैदान.

या मैदानावर कोण कधी फिरू शकतो, हे कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए ठरवते. वर्षाचे चार प्रकारचे तुकडे पाडलेले आहेत. एका काळात कोच मुलाला त्याच्या घरी, शाळेत जाऊन भेटू शकतो. दुसऱ्यात शाळेत जाऊन खेळ बघू शकतो, पण मुलाशी नमस्कारापलीकडे बोलायचं नाही. तिसऱ्यात मुलगाच विद्यापीठात आला तर भेट. चौथा डेड पिरियड, त्यात समोरासमोर भेट कुठेच नाही. बाहेर जाऊन भरती करणारी माणसंही मोजकी, मुख्य कोच आणि दहा सहायक, एकूण अकरा. विद्यापीठाने कचेरीत पन्नास माणसं बसवली तरी गाडीत बसून शाळेत जाणारे अकराच.

आता खरी चिमटी. हंगामात, म्हणजे मुलं प्रत्यक्ष सामने खेळत असतात तेव्हा, शाळेत जाऊन बघण्याचे दिवस वरच्या विभागात ४२ धरले गेले. वाचताना ४२ दिवस पुष्कळ वाटतात. पण हे दिवस माणशी मोजतात. एक कोच एक दिवस बाहेर पडला की एक दिवस संपला. दोघे दोन गावांना गेले की दोन संपले. दहा-अकरा माणसांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला अख्ख्या हंगामात जेमतेम चार. शनिवारी स्वतःचा सामना, रविवारी त्याची चित्रफीत, सोमवार ते बुधवार पुढच्या प्रतिस्पर्ध्याची तयारी. उरला गुरुवार-शुक्रवार, आणि सामना नसलेला एखादा आठवडा.

त्या शुक्रवारावरही आता टाच आली आहे. अमेरिकेने १९६० च्या दशकात कायदा करून हंगामातल्या शुक्रवारी रात्री व्यावसायिक फुटबॉलच्या प्रक्षेपणाला आडकाठी केली, म्हणजे शाळांच्या सामन्यांची गर्दी तुटू नये. कॉलेजांना हे बंधन नाही. २०२४ पासून फॉक्स वाहिनीने शुक्रवारी रात्री कॉलेजचे मोठे सामने लावले. ज्या रात्री कोचाने एखाद्या शाळेच्या गॅलरीत बसायला हवं, त्या रात्री तो स्वतःच मैदानावर. हा शुक्रवार टीव्हीला विकण्याआधी शाळेतल्या मुलांचा विचार कुणी केला असेल, असं मला वाटत नाही.

एवढ्या थोड्या दिवसांत माणूस काय करेल? ह्यूस्टनला जाईल. एका दिवसात पाच-सहा शाळा होतात, प्रत्येक शाळेत दोन-तीन नावं तरी असतात. पश्चिम टेक्सासच्या एखाद्या गावाला निघाला तर तीन तास गाडीत, एक शाळा, कदाचित एक मुलगा, आणि परत तीन तास. हिशेबी माणूस ह्यूस्टनच निवडणार. सहायक कोचाला मी दोष देत नाही. त्याला चार दिवस देऊन देश धुंडाळायला सांगणाऱ्यांना देतो.

मग गावातला मुलगा दिसणार कसा? चित्रफितीत, असं उत्तर मिळतं. हडल नावाची सेवा २००६ पासून आहे. शाळा सामना चित्रित करते, मुलगा आपले चांगले क्षण जोडून पाठवतो, कोच खुर्चीत बसून शंभर मुलं बघतो. वेळ वाचतो हे कबूल. पण चित्रफितीत चांगलेच क्षण असतात. चेंडू हातातून सुटल्यावर पोरगा मान खाली घालतो की पुढच्या डावाला उभा राहतो, बापाची उंची किती, म्हणजे पोरगा अजून वाढेल का, शाळेचा शिपाई त्याच्याबद्दल काय सांगतो, हे तिथे दिसत नाही. मुरलेले कोच शाळेत गेले की मुख्याध्यापकांच्या आधी सफाई कामगाराशी बोलतात ते याचसाठी. चित्रफितीनंतर येतात तारे. भरतीच्या धंद्यातल्या कंपन्या मुलांना दोनपासून पाचपर्यंत तारे देतात. एका विद्यापीठाने जागा देऊ केली की तारा वाढतो, तारा वाढला की आणखी दहा विद्यापीठं जागा देऊ करतात. वेळ वाचवण्याच्या नादात १३५ विद्यापीठं एकाच यादीमागे पळत सुटतात.

यादीबाहेरच्या मुलाचं काय होतं, ते जॉश ॲलनला विचारा. कॅलिफोर्नियाच्या शेतीपट्ट्यातलं फायरबॉ हे त्याचं गाव, घरची शेती. शाळेत असताना उंच पण काटकुळा. उन्हाळ्यात कॅम्प करत हिंडण्याऐवजी बेसबॉल, बास्केटबॉल खेळला, शेतात राबला. शाळा संपली तेव्हा वरच्या विभागातल्या एकाही विद्यापीठाची शिष्यवृत्ती हातात नव्हती. घराजवळच्या फ्रेस्नो स्टेटनेही विचारलं नाही. तो रीडली नावाच्या दोन वर्षांच्या कॉलेजात गेला, अंगाने भरला, खोऱ्याने गुण मिळवले आणि वरच्या विभागातल्या विद्यापीठांच्या कोचांना स्वतःच ईमेल लिहिले. दोघांनी जागा देऊ केली. त्यातल्या एकाने मागे घेतली. उरलं वायोमिंग. २०१८ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत तो सातव्या क्रमांकावर गेला आणि २०२४ च्या हंगामात अमेरिकन फुटबॉलमधला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. जिद्द त्याची होतीच. माझ्या दृष्टीने ती शंभरावर कोचांच्या कचेऱ्यांच्या कामचुकारपणाची आहे. मुलगा स्वतःहून दारात उभा होता आणि बघायला कुणाला वेळ नव्हता.

दुसरं नाव कॅम वॉर्ड. टेक्सासमधलं वेस्ट कोलंबिया हे छोटं गाव. त्याच्या शाळेचा संघ चेंडू फेकण्यापेक्षा घेऊन पळण्याच्या जुन्या पद्धतीने खेळायचा. क्वार्टरबॅकचं काम चेंडू फेकणं, आणि याला फेकायलाच मिळायचं नाही. चित्रफितीत दाखवायचं काय? तारे शून्य. सॅन अँटोनियोचं इन्कार्नेट वर्ड, ज्याने २००९ मध्ये फुटबॉल सुरू केला, तेवढं एकच विद्यापीठ पुढे आलं. उन्हाळी कॅम्पमध्ये त्यांच्या कोचांनी त्याला फेकताना बघितलं, म्हणून. तिथून वॉशिंग्टन स्टेट, तिथून मायामी, आणि २०२५ च्या निवडीत देशात पहिला.

कॅम्प म्हणजे बघण्याचं सगळ्यांत स्वस्त ठिकाण. कोचाने शंभर गावं हिंडण्याऐवजी शंभर गावांतली मुलं एका मैदानावर येतात. आता हार्बॉंचं ते चांगलं काम. मिशिगनची माणसं घेऊन ते फ्लोरिडा, जॉर्जिया, टेक्सास असे फिरले, दुसऱ्यांच्या मैदानांवर कॅम्प लावले. तिथे लहान विद्यापीठांचे कोचही येऊन बसत. ज्या मुलाला मिशिगन घेणार नाही तो शेजारी बसलेल्या छोट्या विद्यापीठाच्या नजरेत भरे. दक्षिणेतल्या बड्या विद्यापीठांना हे आपल्या वाड्यात शिरणं वाटलं. ८ एप्रिल २०१६ रोजी एनसीएएने असे कॅम्प बंद केले. इतका गदारोळ उठला की २८ एप्रिलला बंदी मागे घ्यावी लागली. तीन आठवडे का होईना, बड्यांचं अंगण सांभाळण्यासाठी मुलांचं मैदान बंद करायला ही माणसं तयार झाली, हे विसरायचं नसतं. एकाच वर्षी एकच कोच मध्यरात्री एका किकरची मनधरणीही करतो आणि शेकडो मुलांना मैदानही मोकळं करून देतो. चर्चा पहिल्याची झाली, बंदी दुसऱ्यावर आली.

मर्यादाच नकोत, असं माझं म्हणणं नाही. मर्यादा मुलांसाठीच आल्या. २००७ मध्ये मोबाइल संदेशांवर बंदी घालावी लागली, कारण एकेका मुलाला दिवसभर कोचांच्या संदेशांचा मारा व्हायचा आणि त्या काळी त्याचं बिल घरच्यांना पडायचं. २०१६ मध्ये फुटबॉलमधली ती बंदी उठली आणि मारा पुन्हा सुरू झाला, फक्त बिल थांबलं. २००८ मध्ये मुख्य कोचांना वसंतातल्या पाहणीच्या काळात, १५ एप्रिल ते ३१ मे, बाहेर पडायला मनाई झाली. अलाबामाचे निक सेबन शाळाशाळांतून फिरत, बोलायला बंदी असूनही ‘सहज’ मुलांसमोर येत, म्हणून लोक या नियमाला सेबनच्याच नावाने ओळखतात. दुरुपयोग खरा होता. पण इलाज असा निघाला, की ज्याच्या सहीने मुलाचं नशीब ठरतं तोच माणूस त्या दिवसांत मुलाला मैदानावर बघू शकत नाही. बोलण्याची चोरी पकडायला बघण्याची सोय कापली.

सगळ्यांत मोठी कात्री मात्र सह्यांच्या तारखेने लावली. मुलांनी विद्यापीठाशी करार करायचा दिवस पूर्वी एकच, फेब्रुवारीतला पहिला बुधवार. म्हणजे शाळेतला शेवटचा हंगाम सप्टेंबरात सुरू होऊन डिसेंबरात संपायचा आणि त्यानंतरही दोन महिने कोचांच्या हातात असायचे. मागाहून वाढणारा, शेवटच्या वर्षी अचानक फुलणारा मुलगा त्या दोन महिन्यांत सापडायचा. डिसेंबर २०१७ पासून लवकर सह्यांची मुभा आली. हेतू चांगला होता. ज्याचं मन ठरलंय त्याने सही करून मोकळं व्हावं, पाठलाग थांबावा. झालं असं, की बहुतेक सगळेच डिसेंबरात सह्या करू लागले आणि फेब्रुवारी ओस पडला.

डिसेंबरात सही, म्हणजे होकार उन्हाळ्यातच हवा. अकरावीच्या वसंतापासून विद्यापीठाच्या खर्चाने भेटी द्यायची परवानगी त्याच सुमारास मिळाली होती, तेव्हा जून महिना भेटींनी भरून गेला. २०२३ मध्ये एका मुलाने जास्तीत जास्त पाच विद्यापीठांना अशी भेट द्यायची ही मर्यादाही गेली. आता जूनमध्ये दर शनिवार-रविवार गणवेश घालून फोटो, जेवणावळी, आईवडिलांची खातिरदारी. सप्टेंबर उजाडतो तेव्हा बारावीचा हंगाम जेमतेम सुरू होत असतो आणि जागा भरलेल्या असतात. सतराव्या वर्षी चार महिन्यांत मुलगा दोन इंच वाढतो, दहा किलो भरतो. त्या चार महिन्यांचा खेळ आता कुणाच्याच कामाचा राहिला नाही. जॉश ॲलनसारख्यांसाठी ही तारीख म्हणजे बंद फाटक आहे.

करोनाच्या वेळी मार्च २०२० ते मे २०२१ अखेर सलग डेड पिरियड होता. मुलांनी फोनच्या पडद्यावर विद्यापीठं निवडली, कोचांनी पडद्यावर मुलं निवडली. तो नाइलाज होता. पण तेव्हाची पडद्याची सवय नाइलाज संपल्यावरही गेली नाही, कारण तिने मनधरणीला आणखी तास मोकळे करून दिले.

मग आलं ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदवही. ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालं तेव्हा ती खेळाडूच्या बाजूची सुधारणा होती. कोच वाटेल तेव्हा नोकरी बदलतो, तर मुलाने का बदलू नये? मला ते तेव्हाही पटलं, आजही पटतं. २०२१ मध्ये एकदा विद्यापीठ बदलल्यावर वर्षभर बाहेर बसायची सक्ती गेली, २०२४ मध्ये कितीही वेळा बदलायला मोकळीक मिळाली. १ जुलै २०२१ पासून मुलांना स्वतःच्या नावाचे पैसे मिळू लागले, आणि जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठंच थेट पैसे देऊ लागली, वर्षाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. या सगळ्यात मुलांचा हक्क आहे. पण कुणी तारखांकडे बघितलंच नाही.

डिसेंबर २०२४ चं पान उघडून बघा. ४ तारखेला सह्या सुरू. ७ तारखेला विद्यापीठांच्या गटागटांचे अंतिम सामने. ९ तारखेला पोर्टल उघडलं. २० तारखेला बारा संघांच्या नव्या राष्ट्रीय बादफेरीचे सामने सुरू. २८ तारखेला पोर्टल बंद. पेरणी, काढणी आणि घरातलं लग्न एकाच महिन्यात काढावं तसं हे. पेन स्टेटचा राखीव क्वार्टरबॅक ब्यू प्रिब्युला संघ बादफेरीत असतानाच पोर्टलमध्ये गेला, कारण थांबला असता तर दुसरीकडच्या जागा भरल्या असत्या. मार्शल विद्यापीठाने आपल्या गटाचं विजेतेपद मिळवलं, कोच दुसरीकडे गेले, त्यांच्यामागे इतकी मुलं पोर्टलमध्ये गेली की इंडिपेंडन्स बोल हा वर्षअखेरचा सामना खेळायला पुरेसा संघच उरला नाही. माघार घ्यावी लागली. विजेत्या संघातली जी मुलं मागे थांबली त्यांचा शेवटचा सामना गेला. त्यांचं दुःख कोणत्या रकान्यात मांडायचं?

खेळाडूंच्या वेळेला मात्र बंधन आहे. हंगामात सक्तीच्या सरावाला आठवड्याला वीस तास. कोचाच्या तासांना बंधन नाही. म्हणून डिसेंबरात कोचाची कोंडी अशी: सकाळी शाळेतल्या मुलाशी बोलायचं, दुपारी पोर्टलमधल्या मुलाशी, संध्याकाळी स्वतःच्याच संघातल्या मुलाला ‘जाऊ नको’ म्हणून समजवायचं, आणि रात्री सामन्याची तयारी. या तीनही संभाषणांत एक गोष्ट सारखी आहे. तिन्ही मनधरणीच आहेत. बघणं दिवसभरात कुठेच नाही.

चांगली माणसं यातून निघून जातात. जानेवारी २०२४ अखेर बॉस्टन कॉलेजचे मुख्य कोच जेफ हॅफली पद सोडून व्यावसायिक संघात सहायक म्हणून गेले. पंधरा दिवसांच्या आत यूसीएलएचे मुख्य कोच चिप केली ओहायो स्टेटमध्ये सहायक झाले. मुख्य कोचाने स्वखुशीने सहायक व्हावं, हे एरवी कुणी ऐकलंही नसतं. आणि जे जात नाहीत त्यांना तारखा पळवून लावतात. ३० नोव्हेंबर २०२५ रोजी लेन किफिन यांनी ओल मिस विद्यापीठाचं कोचपद सोडून एलएसयू धरलं. ओल मिसने बारापैकी अकरा सामने जिंकलेले, बादफेरी समोर. थांबता आलं नाही का? सह्यांचा दिवस ३ डिसेंबर होता. किफिन यांचा निर्णय मला आवडला नाही, पण ही बंदूक तारखेने त्यांच्या हातात दिली.

आता तर विद्यापीठं सप्टेंबर-ऑक्टोबरातच कोचांना काढतात, म्हणजे नवा माणूस डिसेंबरच्या सह्यांपर्यंत बसलेला असेल. २०२५ मध्ये पेन स्टेटने जेम्स फ्रँकलिन यांना १२ ऑक्टोबरला काढलं. नवा कोच ठरेपर्यंत सह्यांचा दिवस येऊन ठेपला आणि त्यांच्या हाती शाळेतली दोनच मुलं लागली. ज्या तारखेसाठी घाई केली तीच हातची गेली.

जानेवारी २०२६ पासून पोर्टलची खिडकी एकच झाली, २ ते १६ जानेवारी. डिसेंबरातून पोर्टल निघालं, हे चांगलं झालं. पण बादफेरी जानेवारीतही चालूच असते, आणि सह्या डिसेंबरातच आहेत. एक खुर्ची हलवली, खोली तशीच खच्चून भरलेली.

जून २०२५ च्या त्या न्यायालयीन तडजोडीतलं आणखी एक कलम फार कमी लोकांना टोचलं. पूर्वी शिष्यवृत्त्या ८५, पण बिनशिष्यवृत्तीची मुलं घेऊन संघ १२० च्या पुढे जायचा. आता संघाचीच मर्यादा १०५. म्हणजे ‘स्वतःच्या खर्चाने येतो, सरावात उभं राहू द्या’ म्हणणाऱ्या मुलांसाठीचं मागचं दार अरुंद झालं. या दारातून बेकर मेफील्ड आला, जे. जे. वॉट विस्कॉन्सिनमध्ये आला, जॉर्जियाचा स्टेटसन बेनेट आला. कोचांना बघायला वेळ मिळाला नाही तर मुलांनी स्वतःला दाखवायची ही शेवटची जागा होती.

थोड्या वेळात बघणं जमतं का? जमतं. बिल स्नायडर यांनी जमवून दाखवलं. १९८९ मध्ये ते कॅन्सस स्टेटला आले तेव्हा तो देशातला सर्वाधिक हरलेला संघ होता. गाव आडवाटेला, पाच ताऱ्यांचा मुलगा तिकडे फिरकणार नाही. स्नायडर यांनी त्या मुलांमागे धावणंच सोडलं. आपल्या राज्यातली दोन वर्षांची कॉलेजं आणि गावोगावची शेतकऱ्यांची पोरं, एवढं मैदान आखून घेतलं आणि तिथे वेळ ओतला. १९९८ मध्ये हा संघ ओळीने अकरा सामने जिंकला आणि देशात पहिल्या क्रमांकावरही पोचला. पुढे जॉर्डी नेल्सन हा कॅन्ससच्याच शेतावरचा मुलगा बिनशिष्यवृत्तीचा त्यांच्याकडे आला आणि ग्रीन बे या व्यावसायिक संघाचा नावाजलेला खेळाडू झाला. स्नायडर यांच्याकडे वेळ इतरांहून जास्त नव्हता. कुणामागे जायचं नाही, हे त्यांनी आधी ठरवलं होतं.

प्रत्येक कोच स्नायडर होणार नाही, म्हणून नियमांनी हात द्यायला हवा. हंगामातले बघण्याचे दिवस दुप्पट करा. वाढीव दिवस महानगरांबाहेरच्या शाळांसाठीच राखा. श्रीमंत विद्यापीठं याचा फायदा उठवतील, हा आक्षेप मला ठाऊक आहे. श्रीमंत विद्यापीठं आजच कचेरीत माणसांची फौज बसवून फायदा उठवताहेत. दिवस कमी ठेवून गरीब विद्यापीठ वाचत नाही, गावातला मुलगा मात्र मरतो. सह्या फेब्रुवारीत परत न्या. पोर्टल राष्ट्रीय अंतिम सामन्यानंतर उघडा. वसंतात मुख्य कोचाला आठवडाभर बाहेर पडू द्या, बोलण्याची बंदी कडक ठेवा. आणि १०५ मधल्या पाच जागा अशा मुलांना द्या, ज्यांना शाळेतून कुणीच विचारलं नव्हतं.

कोच म्हणतील, आम्हाला ऑक्टोबरातच काढून टाकतात, उशिरा फुलणाऱ्या मुलाची वाट कोण बघेल? प्रश्न रास्त आहे आणि तो विद्यापीठांच्या कुलगुरूंना विचारला पाहिजे. टेक्सास ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिंबो फिशर यांना घरी बसवलं आणि करार मोडल्यापोटी साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम अंगावर घेतली. एवढ्या पैशात किती गाड्या, किती मोटेलच्या खोल्या आणि किती शुक्रवार विकत घेता आले असते, हे त्यांच्याच हिशेबनिसांनी सांगावं. कॅम वॉर्ड शाळेच्या शेवटच्या वर्षांत होता तेव्हा ए अँड एमचे कोच फिशरच होते, आणि वेस्ट कोलंबिया त्यांच्या मैदानापासून गाडीने दोन-अडीच तासांवर आहे.